अर्ध्या बोटाचा इतिहास

इतिहास पुसता येत नाही. नगरपालिकेच्या क्षमा समितीने हे वाक्य पहिल्याच बैठकीत एकमताने मंजूर केलं आणि सगळे गंभीर चेहऱ्याने चहाला उठले.

अण्णांचं मत वेगळं होतं, पण ते समितीत नव्हते. त्यांच्या अंदाजाने इतिहास साधारण अर्धं बोट खोल असतो. दगड मऊ असला, छिन्नीला धार असली आणि कामाच्या ऐन रंगात कुणी जेवायला हाका मारल्या नाहीत, तर तो व्यवस्थित पुसता येतो. दगडावर अक्षरं कोरणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. उभ्या हयातीत त्यांनी चुकलेली आडनावं पुसली होती, पक्ष बदललेल्या पुढाऱ्यांची घोषवाक्यं पुसली होती, आणि एकदा तर एका धडधाकट गृहस्थांची मृत्युतिथी पुसली होती. ते गृहस्थ स्वतःच तक्रार घेऊन आले होते.

पण बागेच्या फाटकाच्या आतला फलक ही गोष्ट वेगळी. तो अण्णांच्या वडिलांनी कोरलेला. ‘या ओसाड जमिनीवर नगरपालिकेने हे उद्यान वसवले.’ अक्षर असं देखणं, की कारखान्याला निम्मी गिऱ्हाइकं त्या फलकानेच मिळवून दिली. खोट एकच होती. जमीन ओसाड नव्हती. नदीकाठी तिथे रंगाऱ्यांची भरलेली वस्ती होती. तिला एका सकाळी गाड्यांत घालून गावाबाहेर कचऱ्याच्या मैदानापलीकडे नेऊन सोडलं होतं. त्या वस्तीतल्या एका घरात माई जन्मल्या. पुढे त्याच माई त्याच कोरणाऱ्याच्या घरात सून होऊन कशा आल्या, आणि “मुलगा काय करतो?” या प्रश्नावर त्यांनी वडिलांना “दगडावर खोटं कोरतो” असं उत्तर कसं दिलं, ती एक वेगळीच गोष्ट आहे.

तेव्हापासून या घरातलं प्रत्येक भांडण, मग ते मिठावरून सुरू होवो की पंख्यावरून, एकाच मुक्कामाला यायचं. “असू दे. मी बाई ओसाडातली,” असं म्हणून माई चष्मा पुसायला घ्यायच्या आणि समोरचा पक्ष गारद व्हायचा.

उठवलेल्या वस्तीची क्षमा मागायला समितीला नवा फलक लावायचा होता. मजकूर लांबलचक होता आणि त्याखाली समितीच्या सदस्यांची नावं मजकुराहून लांब होती. जुन्या वस्तीच्या वतीने माईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “नवा दगड नको. जुन्यातला तेवढा एक शब्द काढा. आणि जिथून काढाल तिथला खड्डा तसाच राहू द्या. येणाराजाणारा विचारेल, इथे काय होतं म्हणून. विचारलं की आम्ही सांगू.”

हे स्वस्तात पडत असल्यामुळे समितीला एकदम पटलं. काम अर्थातच अण्णांकडे आलं. “बघतो,” अण्णा म्हणाले. अण्णांचं ‘बघतो’ म्हणजे ऐकलं एवढंच, हे माईंना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण माणूस आनंदात असला की शहाणपण जरा बाजूला बसतं.

*

अनावरणाच्या दिवशी सकाळी वन्सं अवतरल्या. अण्णांच्या थोरल्या बहीण. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं.

“बाळ कुठाय?”

बाळ, वय वर्षं त्र्याहत्तर, मागच्या खोलीत दाढी करत होते.

“कारखान्यात असतील नाहीतर आरशापुढे,” माई म्हणाल्या. “बसा तरी वन्सं. प्रवास कसा झाला?”

“प्रवासाचं काय घेऊन बसलीस! बाबांच्या दगडाला त्याने खरंच हात लावला?”

“लावला.”

“त्या ओसाडमधला ओ, अगं, तो ओ! बाबा म्हणायचे, असा ओ माझ्या हातून पुन्हा व्हायचा नाही. माणसं त्यावरून बोट फिरवायची.”

“माझीही फिरायची,” माई शांतपणे म्हणाल्या. “फरक इतकाच, की मामंजी तो ओ कोरत होते ना, तेव्हा मागे आमच्या दोरीवर ओले निळे कपडे टांगलेले होते. मी तिथेच उभी होते. मामंजी मला म्हणाले, पोरी, बाजूला हो, उजेड अडवतेस.”

वन्संनी हे अनेकदा ऐकलं होतं. तरी दर वेळी त्या या जागी दुप्पट जोराने बोलायच्या.

“बाबांना जे लिहून दिलं ते त्यांनी कोरलं!”

“हो ना. म्हणून तर मी त्यांना शेवटपर्यंत गरम पाणी दिलं. पण शब्द जायलाच हवा.”

“आत्या, हा प्रश्न व्यक्तीचा नाहीच,” वरून उतरता उतरता मुलगी म्हणाली. ती विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची, म्हणून घरात तिला सगळे प्रोफेसर म्हणत. “प्रश्न सार्वजनिक स्मृतीचा आहे. समाज आपली चूक कुठे ठेवतो, यावरून—”

“तुझी चप्पल कुठे ठेवलीस ते आठव आधी,” वन्सं म्हणाल्या. “उंबऱ्यात आहे. आत्ता पडले असते मी.”

प्रोफेसरचे यजमान, म्हणजे जावईबापू, नगरपालिकेत जनसंपर्क अधिकारी होते आणि क्षमा समितीचे सचिवही. ते कोपऱ्यात नगराध्यक्षांचं भाषण पाठ करत होते. नगराध्यक्ष अडखळले तर मागून सांगावं लागे.

“‘झाले ते योग्य झाले नाही,’” ते पुटपुटले. “आई, हे वाक्य ठीक वाटतं ना?”

“कुणी केलं ते कुठे आहे?” माईंनी विचारलं.

“तो मुद्दा दुसऱ्या समितीकडे आहे.”

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. गालावर साबणाचा ठिपका, अंगात ठेवणीतला कोट आणि चेहऱ्यावर परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर आलेल्या मुलाचं समाधान. दगड ते पहाटेच फाटकाच्या आत बसवून, वर कापड टाकून आले होते. इतके दिवस मागच्या खोलीला आतून कडी लावून त्यांचं काम चाललं होतं. चहाचा कपसुद्धा दाराबाहेर ठेवायचा हुकूम होता.

“अहो,” माईंनी त्यांच्या गालावरचा साबण पुसत हळूच विचारलं, “झालंय ना मी म्हटलं तसं?”

“काम असं झालंय, की बघत राहशील.”

माईंचा आवाज एकदम बारीक झाला. “बरं का, मला रात्री झोप नाही आली. वाटलं, दिसेल ना सगळ्यांना? आता त्या वस्तीतले उरलेत किती! आम्ही गेल्यावर सांगणारं कुणी नाही. तो दगडच सांगेल.”

अण्णांनी मान हलवली, पण त्यांचं अर्धं लक्ष कोटाच्या बटणाकडे होतं.

*

बागेत पहिला घोळ खुर्च्यांवरून झाला. डावीकडच्या रांगेवर ‘बाधित कुटुंबे’ अशी चिठ्ठी होती आणि उजवीकडे ‘निमंत्रित व कलाकार’. माई दोन्हींत बसत होत्या. जावईबापू घामाघूम झाले.

“आई, तुम्ही बाधित म्हणून बसाल, की कलाकाराच्या पत्नी म्हणून?”

“कलाकाराची पत्नी म्हणजे बाधितच की!” डावीकडून आवाज आला. हा माईंचा धाकटा भाऊ. मुलांचा मामा, म्हणून सगळ्या गावाचा मामा. रंगाऱ्यांच्या धंद्यातला तो शेवटचा. अजून त्याच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या आणि तो त्या लपवायचा नाही. “अक्के, इकडे ये. दाजींना बसू दे एकटं, कला करत.”

माई मामाशेजारी बसल्या. वन्सं उजवीकडे, अण्णांशेजारी, पाठ ताठ करून. मधून लाल जाजम गेलं होतं. एका कुटुंबाचे असे सरळ दोन तुकडे नगरपालिकेने पूर्वीही केले होते, पण तेव्हा जाजम नव्हतं.

नगराध्यक्ष बोलले. अन्याय झाला, म्हणाले. फार झाला. तो कसा आपोआप होत गेला, हेही त्यांनी समजावून सांगितलं. मध्ये ते दोनदा अडखळले आणि दोन्ही वेळा जावईबापूंनी मागून वाक्य पुरवलं, त्यामुळे नगरपालिकेला दोन तोंडांनी खेद झाल्यासारखं वाटलं. डावीकडच्या म्हाताऱ्या मंडळींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं कुणी येऊन एवढंही म्हटलं नव्हतं.

मग नगराध्यक्षांनी दोरी ओढली. कापड खाली आलं.

माई उभ्या राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

दगड सुंदर होता. पिवळसर, ताज्या लोण्यासारखा गुळगुळीत. त्यावर लिहिलं होतं: ‘या जमिनीवर नगरपालिकेने हे उद्यान वसवले.’ दोन शब्दांमध्ये जेवढी जागा हवी तेवढीच. कुठे खड्डा नाही, ओरखडा नाही, उंचसखलपणा नाही.

“अक्के,” मामा कुजबुजला, “बदललंय काय यात?”

“ओसाड गेलंय.”

“कुठून?”

माईंना बोट ठेवायला जागा सापडेना.

नगराध्यक्ष मात्र भारावून गेले. दोन्ही हातांनी अण्णांचा हात धरून ते म्हणाले, “वा! काय सफाई! जसं काही घडलंच नाही!”

*

नगराध्यक्षांना पुढे एका पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन होतं, त्यामुळे ते लगेच गेले. त्यांच्याबरोबर फोटोवाला गेला, आणि फोटोवाल्याबरोबर निम्मी समिती गेली. उरलं कुटुंब, आणि वस्तीतली म्हातारी मंडळी.

“अहो,” माई म्हणाल्या. “इकडे या.”

अण्णा आले. बायकोच्या डोळ्यांत पाणी असेल, ही अपेक्षा बरोबर निघाली. कारण मात्र चुकलं.

“खड्डा कुठाय?”

“खड्डा कसा ठेवणार? मी सबंध दगड अर्धं बोट खाली घेतला, आणि सगळं पुन्हा कोरलं.”

“मी खड्डा मागितला होता.”

“अगं, आमच्या कारखान्यातून खड्डा ठेवलेला दगड आजवर बाहेर पडलेला नाही! लोक काय म्हणतील, म्हातारा झाला, हात कापतो?”

“लोकांनी तेच विचारायला हवं होतं. की हे काय आहे म्हणून!” माईंचा आवाज चढला तशी मंडळी अदबीने जवळ सरकली. “पूर्वी निदान खोटं तरी लिहिलेलं होतं. त्यावर बोट ठेवून मी म्हणू शकत होते, हे बघा, हे खोटं. आता काय दाखवू? आम्ही नव्हतो असं आधी लिहून ठेवलंत. आता तसं लिहिलं होतं, हेही नाही राहिलं!”

अण्णांचा चेहरा पडला. “इतकी वर्षं तो शब्द ऐकतोय तुझ्या तोंडून,” ते कोटाच्या बटणाशी बोलावं तसं बोलले. “वाटलं, एकदा असं काम करून द्यावं, की डागच राहायला नको. तुला दिसायलाच नको तो.”

हे बोलणं जर एवढं खरं नसतं, तर माईंना रागावणं सोपं गेलं असतं.

आता वन्सं भावाची बाजू घेणार, अशी सगळ्यांची खात्री होती. त्या दगडाजवळ गेल्या होत्या आणि ज वरून बोट फिरवत होत्या. मग न वरून. मग परत ज वरून.

“बाळ.”

“काय?”

“सबंध दगड खाली घेतलास, म्हणालास?”

“हो.”

“म्हणजे यातलं एकही अक्षर बाबांचं नाही.”

अण्णांनी कोटाचं बटण लावलं, काढलं.

“एक शब्द काढणार म्हणून मी भांडायला आले होते,” वन्सं म्हणाल्या. “तू सबंध बाप पुसलास!”

“ताई, तसं नाही—”

“तसंच आहे! माई, बरोबर बोलत होतीस तू. अगदी बरोबर. मला काही माहीत नाही, तो शब्द परत आण.”

मामाने डोक्याला हात लावला. “अक्के, तुझ्या वन्सं आमच्या बाजूला आल्या. आता खरंच अन्याय संपायची भीती वाटायला लागली.”

“मी कुणाच्या बाजूला आलेली नाही,” वन्सं कडाडल्या. “मी माझ्या जागेवर आहे. तुम्ही सगळे हललात.”

प्रोफेसरला राहवेना. “आई, आत्या, खरं तर तुम्ही दोघी एकच गोष्ट मागताय. पुरावा. तुला गुन्ह्याचा आणि आत्याला अक्षराचा.”

सासरमाहेरच्या मिळून साऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिचं वाक्य पहिल्यांदाच कुणी मध्ये तोडलं नव्हतं, त्यामुळे तीच गोंधळली आणि पुढचं विसरली.

“पण शब्द परत आणला, की खोटंच परत आलं ना,” जावईबापू अगतिकपणे म्हणाले. “समितीने मंजूर केलेल्या मजकुरात तो नाहीये हो!”

“परत आणून खोडा,” माई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“वन्सं, मामंजी काय करायचे? हाताखालच्या माणसाने चुकीचं अक्षर कोरलं, की?”

वन्संचे डोळे चमकले. “आडवी रेघ! खोल! चुकीच्या शब्दावरून सरळ आडवी रेघ मारायचे आणि तो दगड आठवडाभर दारात उभा करायचे. जाता येता सगळ्यांना दिसायला हवा. बाळचे तर असे कितीक दगड दारात उभे राहिलेत.”

“कितीक नाही,” अण्णा म्हणाले.

“खड्ड्यापेक्षा हे बरं,” माई म्हणाल्या. “शब्दही दिसेल, तो चूक होता हेही दिसेल. कोरा, अहो. मामंजींच्या वळणाचा कोरा. मग त्यावरून रेघ मारा. तुमच्या हाताने.”

अण्णांनी दगडाकडे पाहिलं. ठरवून चुकीचा शब्द कोरायचा, तोही ओळीत जागा नसताना, वरच्या मोकळ्या भागात. आणि मग तो आपणच खराब करायचा. एका फलकात घराण्याचे सगळे नियम मोडत होते.

“बघतो,” ते म्हणाले. पण या वेळी म्हणता म्हणता त्यांनी कोट काढून माईंच्या हातात दिला.

*

छिन्नी-हातोडा अण्णांबरोबर सगळीकडे असे. लग्नालासुद्धा त्यांनी तो नेला होता, असं मामा शपथेवर सांगायचा. माळ्याचं स्टूल आलं. जावईबापूंनी परवानगी कुणाची घ्यावी याचा विचार केला आणि ज्यांची घ्यायची ते तलावाच्या उद्घाटनाला गेलेत, हे लक्षात आल्यावर ते स्टूल धरून उभे राहिले.

टक्. टक्. टक्.

“ओ चं पोट आणखी गोल,” वन्सं म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“बाबांचा ओ बसलेला वाटायचा. तुझा उभा राहिलाय.”

“ताई, तू कोरतेस का?”

“मला शिकवलं असतं बाबांनी, तर हा प्रसंग आला नसता,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यावर दोन्ही घराण्यांतल्या बायका इतक्या मनापासून हसल्या, की अण्णांना हात थांबवावा लागला.

माई भांड्यातून पाणी शिंपडून धूळ बसवत होत्या. मागे हिरवळीवर खुर्च्या उलट्या फिरल्या होत्या आणि बाधित व निमंत्रित एकमेकांत मिसळून गेले होते. कुणीतरी बिस्किटांचे पुडे आणले. मामा लोकांना घेऊन बाग दाखवत फिरू लागला.

“हे कारंजं दिसतंय ना? इथे आमचा रंगाचा हौद. आणि हा गुलाबाचा वाफा म्हणजे आमचं स्वयंपाकघर.”

“तुमचं कसलं? आमचं!” एक म्हातारी खेकसली. “तुमचं त्या घसरगुंडीपाशी. मारे चकलीएवढं घर होतं, आणि वाफा अख्खा घेतोय!”

वाफ्यावरून चांगलंच जुंपलं. दोघांनी पावलं टाकून भिंती आखल्या, तिसऱ्याने दार कुठे होतं ते दाखवलं, आणि बागेत फिरायला आलेली अनोळखी माणसं थांबून विचारायला लागली, “इथे काय होतं?” प्रोफेसर उत्तर द्यायला पुढे झाली आणि मग, कधी नव्हे ती, म्हातारीला बोलू देऊन गप्प ऐकत उभी राहिली.

सा झाला. ड झाला. अण्णा स्टुलावरून उतरले, लांब जाऊन उभे राहिले. वन्सं त्यांच्याशेजारी. ओळीच्या वर, या आणि जमिनीवर यांच्या मधोमध, ‘ओसाड’ पुन्हा उगवलं होतं.

वन्संनी पुढे होऊन, टाचा उंचावून ओ वरून बोट फिरवलं. बराच वेळ. “बसला,” त्या म्हणाल्या, आणि नाक ओढून दुसरीकडे पाहू लागल्या.

“बरा आलाय,” अण्णा माईंना म्हणाले. “खरं सांगू? सगळ्या कामात हाच बरा आलाय. यावर रेघ मारायची म्हणजे...”

“मामंजी असते तर त्यांनी मारली असती का हो?”

अण्णांनी खरंच विचार केला. “नसती मारली. पण तू उजेडात उभी राहिली असतीस, तर या खेपेला तुला बाजूला हो म्हणाले नसते.”

माई हसल्या. मग त्या मुद्दाम एक पाऊल पुढे झाल्या, इतक्या की त्यांची सावली दगडावर पडली. अण्णांनी पुन्हा स्टुलावर चढून त्या सावलीतच पट्टी धरली, शब्दाच्या बरोबर मध्यातून. पेन्सिलीने बारीक खूण केली. छिन्नी टेकवली. मामाने बिस्कीट तोंडाजवळच थांबवलं.

मोठी कर्कश शिट्टी वाजली.

“चला, चला, बाहेर!” रखवालदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत येत होता. “बाग बंद झाली. सगळे बाहेर! ओ काका, स्टूल जागेवर ठेवा.”

“अहो, एकच रेघ राहिलीय,” अण्णा म्हणाले.

“नगरपालिकेचं काम आहे हे,” जावईबापूंनी ओळखपत्र काढलं. “क्षमेचं!”

“असेल. वेळ संपली.”

त्याने सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. बाधितांना आधी, कारण ते हळू चालत होते. वन्संनी माईंचा हात धरला होता. बाहेर पडल्यावर माईंनी मागे वळून पाहिलं. आत अंधारत चाललेल्या बागेत फक्त ताजा कोरलेला तो एक शब्द स्पष्ट दिसत होता. त्यांना हसू फुटलं, आणि मग ते आवरेना. अण्णाही हसायला लागले. मामाने तर फाटकाच्या गजांना धरलं.

“उद्या सकाळी पहिलं हेच काम,” अण्णा म्हणाले. “उद्या किती वाजता उघडता हो?”

“उद्या सोमवार,” रखवालदार कुलूप लावत म्हणाला. “सोमवारी बाग बंद असते.”